पोर्ट बदलता येतो का, भाऊ?

गेल्या अंकात आपल्या मंडळाच्या हातून एक गंमत झाली. वाराशिवनीच्या विणकरांवर एका विद्यार्थिनीने छान लेख दिला होता. त्यात तिची आजी ‘सूत कातत’ बसलेली होती. अंक सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला तेव्हा मात्र आजी ‘सुत कातत’ होती. सुत म्हणजे मुलगा! मराठीच्या मॅडमनी अंक वाचला आणि एवढंच विचारलं, “उकार कोणी तपासले होते?”

तपासले होते हो, तिघांनी तपासले होते. पण मंडळाच्या खोलीतल्या त्या जुन्या मॉनिटरवर बारीक टाइपात पहिला उकार आणि दुसरा उकार जुळ्या भावांसारखे दिसायचे. अनुस्वार तर कधी दिसायचा, कधी पडद्यावरची धूळ वाटायचा.

ही गोष्ट नागपूरला नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या कानावर गेली. त्याने मंडळाला २७ इंची फोर-के मॉनिटर पाठवून दिला. आम्ही तो एचडीएमआय केबलने जोडला आणि बघतच राहिलो. अक्षरं छापल्यासारखी! पण दोन मिनिटांत कोणीतरी माऊस हलवला. बाण सरळ सरकेना, उड्या मारत जाऊ लागला. पान वर-खाली केलं की मजकूर तुटक तुटक धावायचा. सेटिंगमध्ये पाहिलं तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ. मॉनिटर ६० चा, पण ६० चा पर्यायच यादीत नाही.

“यात काय आहे?” मित्र म्हणाला, “कॉम्प्युटरचा पोर्ट जुना असंल. नवा बसवून घेऊ.”

“पोर्ट बदलता येतो का, भाऊ?”

“काहून नाही येणार?”

बाजारातल्या दुकानदाराने तर आणखी सोपं करून टाकलं. “केबल बदल लो भैया, हो जाएगा.” केबल बदलली. काही झालं नाही. ते पैसे मंडळाच्या खात्यातून गेले, आणि त्याच खात्यातून कथास्पर्धेची बक्षिसं द्यायची होती. तेव्हा आणखी खर्च करण्याआधी हे प्रकरण आहे तरी काय, ते समजून घ्यायचं ठरलं. जे समजलं ते इथे मांडतो. असा जुना डेस्कटॉप तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल.

पोर्ट म्हणजे फक्त दार

कॉम्प्युटरच्या मागे जे भोक दिसतं, ते चित्र तयार करत नाही. चित्र तयार होतं आत, ग्राफिक्सच्या चिपमध्ये. साध्या डेस्कटॉपमध्ये ही चिप वेगळी नसते, प्रोसेसरच्या पोटातच असते. तिथून निघालेला सिग्नल मदरबोर्डवरच्या बारीक तांब्याच्या रेषांवरून पोर्टापर्यंत येतो आणि केबलमध्ये शिरतो. म्हणजे पोर्ट हे नुसतं दार. दारातून किती माल बाहेर पडेल, हे आतला कारखाना आणि रस्ता ठरवतात.

बालाघाटकरांना हे रेल्वेवरून चटकन कळेल. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी आपली छोटी लाइन आठवा. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनचं असतं १६७६ मिलिमीटर. आता समजा, कोणी फक्त स्टेशन पाडून नवं बांधलं, फलाट लांब केला, पाटी रंगवली, आणि रूळ तसेच ठेवले. मोठी गाडी आली असती का? रूळ, पूल, इंजिन, डबे सगळं बदललं तेव्हाच मोठी गाडी धावली. पोर्टाचं तसंच आहे. मदरबोर्डवरचा जुना एचडीएमआय सॉकेट काढून नवा डकवला तर फक्त फलाट नवा होईल. आकार तर दोन्हींचा एकच असतो. मागचे रूळ जुनेच राहतील.

म्हणून मित्राच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: आहे त्याच पोर्टाचा दर्जा वाढवता येत नाही. पण कॉम्प्युटरला दुसरा, नवा पोर्ट देता येतो. तो कसा, ते पुढे येईलच.

३० वरच का अडलं?

याचं उत्तर गणितात आहे, आणि गणित सोपं आहे. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. गुणाकार केला की ८२,९४,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा पाठवायचं. हिशेब होतो सुमारे ११.९४ अब्ज बिट, म्हणजे ११.९४ गिगाबिट, दर सेकंदाला. शिवाय दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते, आणि सिग्नल नीट पोचावा म्हणून दर ८ बिटांचे १० करून पाठवतात. ते धरलं की आकडा १७.८२ वर जातो.

आता एचडीएमआयची कुंडली पाहा. पहिली आवृत्ती आली २००२ च्या डिसेंबरात. २००९ मध्ये आलेल्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. २०१३ च्या २.० ची १८. आणि २०१७ च्या २.१ ची ४८. आपल्या मंडळाचा कॉम्प्युटर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, त्याचा एचडीएमआय १.४ चा. १०.२ च्या नळातून १७.८२ कसं जाणार? तेच चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवलं तर लागतात ८.९१. ते बसतं. म्हणून यादीत ३० होतं आणि ६० नव्हतं. कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, त्याच्या ताकदीप्रमाणे काम करत होता.

केबल बदलून उपयोग का झाला नाही, हेही यातच आलं. जुनी केबल नव्या पोर्टाला अडवू शकते, पण नवी केबल जुन्या पोर्टाला पळवू शकत नाही. आणि दुकानात कोणी ‘२.० ची केबल’ म्हणाला तर पाकीट वाचा. केबलींची अधिकृत नावं आवृत्तीवरून नसतात, वेगावरून असतात. ‘हाय स्पीड’ १०.२ पर्यंत, ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ पर्यंत आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ पर्यंत.

सॉफ्टवेअरने होत नाही का?

मोबाइल अपडेट केला की नव्या सोयी येतात, मग इथे का नाही? क्वचित येतात. २०१० साली सोनीने प्लेस्टेशन ३ ला एक अपडेट दिलं आणि जुन्याच एचडीएमआय पोर्टातून थ्रीडी चित्र मिळू लागलं. पण ते जमलं, कारण तेवढी ताकद आतल्या चिपमध्ये आधीपासून होती, फक्त वापरात आणली नव्हती. जी ताकद चिपमध्ये मुळातच नाही, ती ड्रायव्हर किंवा बायोस अपडेट करून येत नाही. तरी ग्राफिक्सचा ड्रायव्हर एकदा अपडेट करून पाहावा. फुकट असतो, आणि कधी कधी हरवलेला पर्याय यादीत परत येतो.

मग मार्ग कोणते?

पहिला आणि खात्रीचा मार्ग ग्राफिक्स कार्डाचा. बहुतेक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा एक लांब स्लॉट असतो. त्यात कार्ड बसवलं की नवी चिप आणि नवे पोर्ट दोन्ही एकदम मिळतात. पूर्ण नवी लाइनच म्हणा ना. गेमिंगचं महागडं कार्ड लागत नाही. एचडीएमआय २.० असलेलं लहानसं कार्ड लिहिण्या-वाचण्याच्या कामाला पुष्कळ होतं. मात्र घेण्याआधी चार गोष्टी बघा. एक, कॅबिनेट बारीक असेल तर कमी उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड लागेल. दोन, एसएमपीएस किती वॅटचा आहे ते त्याच्या अंगावरच्या चिठ्ठीवर वाचा. या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यामुळे ज्याला वेगळी वायर लागत नाही असंच कार्ड बरं. तीन, कार्डावर एचडीएमआय कोणत्या आवृत्तीचा आहे ते विचारा, कारण स्वस्त कार्डांपैकी काही १.४ चीच असतात. मग पैसे देऊन आपण पुन्हा ३० वरच! चार, कार्ड बसवल्यावर केबल कार्डालाच लावा. सवयीने मदरबोर्डच्या जुन्या पोर्टात लावून “कार्ड चालत नाही” म्हणणारे पुष्कळ असतात.

दुसरा मार्ग मागे वाकून पाहण्याचा. ऑफिसांतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमागे पुष्कळदा डिस्प्लेपोर्ट असतो. एक कोपरा कापलेला, चौकोनी. आपण त्याला ओळखत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं रिकामा बसतो. हा प्रकार २००६ पासून आहे, आणि त्याच्या १.२ आवृत्तीतून फोर-के ६० हर्ट्झवर जातं. मॉनिटरलाही डिस्प्लेपोर्ट असेल तर फक्त एक केबल घ्यायची, काम झालं. मंडळाच्या कॉम्प्युटरला तो निघाला नाही, पण तुमच्या घरी असू शकतो.

तिसरा मार्ग यूएसबीतून चित्र काढणाऱ्या अडॅप्टरचा. तो चालतो, पण चित्र दाबून, आवळून पाठवतो आणि प्रोसेसरवर भार टाकतो. दुसऱ्या पडद्यावर एखादी फाइल उघडी ठेवायला ठीक आहे.

जुन्या व्हीजीएचं काय?

निळ्या टोकाचा, दोन बाजूंना स्क्रू असलेला व्हीजीए सगळ्यांनी पाहिला आहे. १९८७ साली आयबीएमने तो आणला. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून २०१५ पर्यंत त्याला निरोप द्यायचं जाहीर केलं. तरी कितीतरी जुने कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर अजून त्याच्यावरच चालतात. चिवट आहे गडी.

पण त्याच्यात एक मुळातलं दुखणं आहे. कॉम्प्युटरच्या आत चित्र म्हणजे आकडे. व्हीजीए त्या आकड्यांचं कमी-जास्त व्होल्टेज करून पाठवतो, आणि एलसीडी मॉनिटर ते व्होल्टेज मोजून पुन्हा आकडे करतो. या उलटसुलट भाषांतरात कडा पुसट होतात. व्हीजीएला एचडीएमआयचं कन्व्हर्टर लावलं तर नव्या मॉनिटरवर चित्र येईल, पण आधीच पुसट झालेली कड परत धारदार होणार नाही. असं कन्व्हर्टर घेताना दिशाही बघा. ‘व्हीजीएतून एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआयतून व्हीजीए’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एक दुसरीचं काम करत नाही. व्हीजीएतून आवाज जात नाही, तेही लक्षात ठेवा.

आणि इथे आमची स्वतःची एक चूक कबूल करतो. जुना मॉनिटर होता १६०० × ९०० चा, आणि कॉम्प्युटर त्याला १०२४ × ७६८ चं चित्र पाठवत होता. मॉनिटर आपली मापं केबलमधल्या दोन पिनांवरून कॉम्प्युटरला कळवत असतो. मध्ये लावलेल्या एका जोडकेबलीत तो निरोप अडकत होता. जोडकेबल काढली, रिझोल्यूशन मॉनिटरच्या मापाचं केलं, मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबलं, आणि त्याच जुन्या पडद्यावर दोन्ही उकार बऱ्यापैकी वेगळे दिसू लागले. एक पैसाही लागला नाही. आधी एवढं केलं असतं तर आजीची फजिती टळली असती.

शेवटी आम्ही काय केलं?

कार्ड घ्यायचं की नाही यावर मंडळाच्या बैठकीत चांगलीच चर्चा रंगली. एक जण म्हणाला, एवढा चांगला मॉनिटर आणि अर्ध्या वेगावर? दुसरी म्हणाली, आपल्याला पडदा हवा कशाला? उकार तपासायला. उकार पळतात का?

तिचं म्हणणं पटलं. ३० आणि ६० चा फरक हालचालीत दिसतो. थांबलेल्या अक्षराचा रेखीवपणा दोन्हीकडे तोच. म्हणून शेवटचं प्रूफ वाचायचं फोर-केवर, ३० हर्ट्झला. पानं लावायची, चित्रं हलवायची तेव्हा त्याच मॉनिटरवर १९२० × १०८० करून ६० ला जायचं. त्याला जुना पोर्ट पुरून उरतो, ४.४६ गिगाबिटच लागतात. कथास्पर्धेची बक्षिसं ठरल्याप्रमाणे दिली गेली. कार्ड पुढल्या वर्षी बघू.

तेव्हा मित्रांनो, कोणी “पोर्ट जुना झाला, कॉम्प्युटर टाकून द्या” म्हणालं तर लगेच हो म्हणू नका, आणि “पोर्ट बदलून देतो” म्हणालं तरी नको. आधी सेटिंग बघा, मग मागची सगळी भोकं बघा, मग आतला स्लॉट बघा. आणि सगळ्यात आधी, आपल्याला त्या पडद्यावर नेमकं करायचं काय आहे ते बघा.

विणकरांचा तो लेख या अंकात पुन्हा दिला आहे. आजी आता सूतच कातते आहे. तरी बाकीच्या पानांवर चूक सापडलीच तर जरूर कळवा. फक्त या वेळी आम्हाला ती पडद्यावर ढकलता येणार नाही.