मानमोडीच्या आधी एक थेंब

आमच्याकडे अंड्यांच्या पैशांचा डबा वेगळा असतो. सासूबाईंच्या वेळेपासूनची ही रीत. किराणा-भाजीच्या पैशात ते मिसळायचे नाहीत आणि घरातल्या पुरुषमाणसाने त्या डब्याला हात लावायचा नाही. सासूबाईंचा चष्मा, माहेरच्या लग्नातला आहेर, धाकटीच्या कॉम्प्युटर क्लासची फी, सगळं त्या डब्यातून झालेलं. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्या सतरा कोंबड्यांपैकी चौदा एका आठवड्यात गेल्या, तेव्हा घरातले म्हणाले, "जाऊ दे गं, कोंबड्याच त्या." मी मात्र रिकामं खुराडं बघून दोन दिवस नीट जेवले नाही.

सुरुवात माझ्याच हौसेने झाली होती. आठवडी बाजारातून मी एक तांबडा, रुबाबदार कोंबडा आणला आणि घरी येताच बाकीच्यांत सोडून दिला. चार-पाच दिवसांनी तो पंख ढिले सोडून कोपऱ्यात बसला. हिरवट, पातळ हगवण, चोच उघडी, घशात घरघर. मग एका कोंबडीची मान वळू लागली. वळता वळता डोकं पार पाठीला टेकलं. सासूबाईंनी लांबूनच सांगितलं, "मानमोडी हाय ही. आता काय ऱ्हात न्हाय."

मला ते पटेना. मी धावत औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने लक्षणं न विचारता माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, "पाण्यात विरघळवून पाजा" म्हणाला. मी पाजल्या. कोंबड्या मरतच राहिल्या.

शेवटी एक मेलेली कोंबडी दोन पिशव्यांत घट्ट बांधून जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी ती उघडून बघितली. पोटातल्या पिशवीच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके होते. नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि राणीखेत निघाला. आपण मानमोडी म्हणतो तो हाच. उत्तरेकडच्या राणीखेत गावाजवळ 1920च्या दशकाच्या अखेरीस तो आढळला, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. विषाणूचा रोग, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्याच्यावर काही उपयोग नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, गोळ्यांचे पैसे वाया गेले. एकदा लागण झाली की औषध नाही. आधी लस, एवढंच हातात आहे."

त्या दिवसापासून कोंबड्यांकडे बघायची माझी नजर बदलली. पूर्वी दाणे टाकायचे आणि अंडी उचलायची, एवढंच. आता सकाळी खुराडं उघडलं की मी दोन मिनिटं तिथेच उभी राहते. कोण आधी धावत बाहेर येतं, कोण मागे रेंगाळतं? तुरा लालभडक आहे की फिका? रात्रीच्या शिटीत काय दिसतं? चांगल्या शिटीवर पांढरी टोपी असते. मधूनच एखादी चॉकलेटी, चिकट आणि उग्र वासाची दिसते. ती बघून मी सुरुवातीला घाबरायची, पण तीही नेहमीचीच. रक्त दिसलं, तर मात्र थांबायचं नाही.

रक्ती हगवण जास्त करून तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होते. पिल्लं फुगून, एकमेकांना चिकटून बसतात. कारण बहुतेक वेळा ओल. पाण्याचं भांडं सांडतं, तूस भिजतो आणि त्या दमट उबेत रोगाचे जंतू वाढतात. यावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर गुणही येतो, पण किती पाण्यात किती घालायचं ते डॉक्टरांकडूनच विचारून घ्या. औषधाइतकाच कोरडा तूस महत्त्वाचा. मी आता पाण्याचं भांडं दोन विटांवर ठेवते. पिल्लांचे पाय त्यात जात नाहीत आणि पाणी सांडत नाही.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरल्या, तर ती देवी. डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यात सांडपाण्याची डबकी आधी बुजवायची. तिच्यावरही थेट औषध नाही, पण कोंबडी खात-पीत राहिली तर बहुतेक वेळा बरी होते. खपल्या ओढून काढू नका. डोळे मिटले असतील तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसा, आजारी कोंबडी वेगळी डालून ठेवा आणि तिच्या चोचीसमोर पाणी धरा. आमच्या एका तलंगेचे दोन्ही डोळे बंद झाले होते. आठ दिवस मी तिला भिजवलेली कणी हाताने भरवली. आज ती सगळ्यांत दांडगी आहे आणि मलाच टोचते!

तुरा फिका पडला, अंडी कमी झाली आणि कोंबडी खुराड्यात जायला तयार नसेल, तर रात्री बॅटरी घेऊन लाकडाच्या फटी बघा. तिथे बारीक लाल किडे दडलेले असतात. दिवसा फटीत आणि रात्री कोंबडीच्या अंगावर रक्त प्यायला. माझ्या जुन्या खुराड्याच्या सांध्यांत ते मुठीने निघाले. खुराडं उन्हात टाकून, उकळतं पाणी ओतून, फटी चुन्याने बुजवल्या. कोंबड्यांसाठी राख आणि कोरडी माती एकत्र करून खड्डा केला. त्यात त्या अशा लोळतात, की बघत बसावं.

सगळंच दुखणं नसतं, हेही शिकले. वर्षातून एकदा पिसं गळतात आणि अंडी थांबतात, तो रोग नाही. खुडूक बसलेली कोंबडी चिडते, फुगते, खात नाही, तीही आजारी नाही. पातळ कवचाचं अंडं आलं, तर आधी कॅल्शियम बघा. चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला, की ज्या कोंबडीला हवा ती टिपते.

एक गोष्ट मात्र घरी बसून ओळखायची नाही. दोन-तीन दिवसांत पटापट कोंबड्या मरू लागल्या, तर मानमोडी की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला तो पहिलाच. तेव्हा मेलेली कोंबडी कापायची नाही, विकायची नाही, ओढ्यात टाकायची नाही. उघड्या हाताने धरायचीही नाही. दवाखान्यात फोन करायचा. मी पिशवीत बांधून नेली तीही चूकच होती, असं मॅडमनी मला नंतर बजावलं.

आता लसीचं. ही लस घेणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण ती एकेका कोंबडीसाठी मिळत नाही. आमच्या दवाखान्यात मिळते ती कुपी शंभर डोसांची. माझ्याकडे उरल्या तीन. कुपी उघडली की दोन-तीन तासांत संपवायची, उरलेली जपून ठेवता येत नाही. शिवाय ती बर्फातच ठेवावी लागते. उन्हात राहिली की वाया. एकटीने काय करणार? म्हणून मी गल्लीत फिरले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोंबडीच्या डोळ्यात औषध? आमच्या सासूनं कधी घातलं न्हवतं." मी म्हटलं, "काकू, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या किती गेल्या?" त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बावीस."

पहिल्या वेळी सहाच घरं तयार झाली. रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, मी दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये कुपी आणली. आदल्या संध्याकाळीच सगळ्यांनी कोंबड्या डालून ठेवल्या होत्या, नाहीतर पकडण्यातच सकाळ जाते. मॅडमनी पहिल्या चार कोंबड्यांना करून दाखवलं. डोळ्यात एक थेंब, पापणी मिटेपर्यंत धरायचं, मग सोडायचं. आजारी दिसणाऱ्या दोन बाजूला ठेवल्या, लस फक्त धडधाकट पक्ष्यांना. पिल्लांना पहिला थेंब पाच ते सात दिवसांचं झाल्यावर, दुसरा साधारण महिन्याने आणि दोन महिन्यांची झाली की पंखाखाली टोचणी. ती टोचणी डॉक्टरच देतात.

आता आमच्या यादीत एकवीस घरं आहेत. तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवते, दुधाच्या हिशेबाशेजारी. बाजारातून नवी कोंबडी आली, तर ती पंधरा दिवस आमच्या न्हाणीघरामागे वेगळी राहते. तिला दाणा-पाणी मी सगळ्यांत शेवटी देते आणि मग हात धुते.

काकू मात्र अजून म्हणतात, "थेंबाबिंबानं काय हुतंय?" पण रविवारी सगळ्यांत आधी डालगं घेऊन त्याच हजर असतात. परवा मीच उशिरा पोचले, तर म्हणाल्या, "बर्फ वितळतोय की गं, ये लवकर!"