रस्त्याची जाडी आणि हंगामाचे ओझे

नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीच्या परिसरात दोन तऱ्हेची वाहतूक एकत्र येते. एक पुणे-नाशिक महामार्गाची. दुसरी शिवारातल्या अरुंद डांबरी रस्त्यांची, म्हणजे बाजाराकडे निघालेले टोमॅटोच्या क्रेटचे टेम्पो आणि दिवाळीनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर. या दोन्हींसाठी रस्त्याची जाडी ठरवण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्याच असायला हव्यात. पण माझ्या मते इथे पद्धतीच्या नावाहून मोठा प्रश्न हा की, माती आणि ओझे कोणत्या महिन्यात मोजले?

आधी मातीचे पाहू. काळी जमीन भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिची ताकद मोजायची ‘सीबीआर’ चाचणी कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात १९२९च्या सुमारास आकाराला आली. साच्यात ठोकून बसवलेली माती चार दिवस पाण्यात ठेवायची, मग ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा तिच्यात सावकाश घुसवायचा आणि त्याला लागलेला जोर प्रमाण खडीला लागणाऱ्या जोराशी ताडून पाहायचा. चांगला मुरूम दहा टक्क्यांच्या वर जातो. भिजलेली काळी माती बहुधा दोन-तीन टक्क्यांवरच थांबते. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी भिजणाऱ्या या टापूत ते चार दिवस मुळीच जास्त नाहीत. आवर्तन सुटले, शेतात पाणी फिरले, की साईडपट्टीखालून ओल रस्त्याच्या पोटात शिरते.

आता ओझे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७०मध्ये ‘आयआरसी ३७’ ही मार्गदर्शिका काढली. तिच्यात रोजच्या अवजड वाहनांची संख्या आणि सीबीआर यांवरून आलेखात जाडी वाचायची असे. सोपी पद्धत, पण तिच्यात रिकामा ट्रक आणि खच्चून भरलेला ट्रक एकाच मापाचे. १९८४च्या आवृत्तीने हे सुधारले आणि वाहनांऐवजी ८.१६ टनांच्या प्रमाण आसांची गणती आणली. यामागे अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेला मोठा प्रयोग होता. आसावरचे ओझे दुप्पट झाले तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते, हे त्याचे सार. २०१८मध्ये केंद्राने दुहेरी चाकांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. ओझे तेरा टक्क्यांनी वाढले, पण याच हिशेबाने हानी साठ टक्क्यांच्या आसपास वाढते!

महामार्गासाठी आता थरांचे गणित करतात. ‘आयआयटीपेव्ह’ या संगणक प्रणालीत प्रत्येक थराची जाडी आणि ताठपणा भरला की दोन जागा तपासता येतात. डांबरी थराच्या तळाशी येणारा ताण भेगा पाडतो. मातीच्या माथ्यावर येणारा दाब चाकोऱ्या पाडतो. महामार्गाला हेच योग्य, कारण आलेखाबाहेरचे थर, सिमेंट मिसळलेला पाया वगैरे, त्यात पारखता येतात.

शिवाररस्त्याला एवढा खटाटोप नको. कमी वाहतुकीसाठी ‘आयआरसी एसपी ७२’ आहे. मातीचा वर्ग आणि दहा वर्षांतल्या प्रमाण आसांचा वर्ग धरला की थर समोर येतात. तिची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, सुगीच्या दिवसांतली वाढीव वाहतूक ती वेगळी धरायला लावते. ज्या तालुक्यात टोमॅटो आणि ऊस दोन्ही आहेत तिथे हा भाग वगळून कोष्टक उघडणे म्हणजे मोजणीच न करणे. भर उन्हाळ्यात, कारखाना बंद असताना तीन दिवस नाक्यावर बसून केलेली गणती कागदावर शुद्ध असेल, पण रस्ता त्या तीन दिवसांसाठी बांधायचा नसतो.

काँक्रीटचा आग्रह हल्ली गावोगावी ऐकू येतो. वेस्टरगार्ड यांनी १९२६मध्ये मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे काँक्रीटची लादी ओझे मोठ्या क्षेत्रावर पसरवते, म्हणून खालच्या मातीची दुर्बलता तिला कमी भोवते. गावठाणात, जिथे सांडपाणी रस्त्यावरून वाहते, तिथे डांबर टिकत नाही. तिथे काँक्रीटच हवे, फक्त नळाची लाइन आधी टाकून घ्यावी. शिवारात मात्र फुगणाऱ्या मातीवर लादी उचलली जाते, सांध्यांतून पाणी खाली जाते आणि दुरुस्ती महाग पडते. तिथे मी डांबरीच रस्ता निवडेन, पण काळ्या मातीच्या वरच्या थरात चुना मिसळून, तिचे फुगणे कमी करून. मातीचा नमुना आवर्तन चालू असताना घ्यावा, वाहने ऊसतोडीच्या ऐन भरात मोजावीत, आणि दोन्ही बाजूंची गटारे पहिल्या अंदाजपत्रकातच धरावीत.