जुनी जीप किती उंच करावी ?

मुंबईस १९४७ सालीं महिंद्रांनीं विलिस जीपची जुळणी आरंभिली. त्या घराण्यांतील जुन्या गाड्या आजही कित्येक अंगणांत उभ्या आहेत. आडवाटेसाठीं ती उंच करून घ्यावी, असा हट्ट तरुण मंडळींनीं धरला म्हणजे वडीलधाऱ्यांनीं पुढील गोष्टींचा विचार अवश्य करावा.

उंच पाटे बसविल्यानें गाडीचा सांगाडा वर जातो, आंस वर जात नाहीं. डिफरन्शिअलखालील मोकळीक वाढते ती केवळ मोठ्या टायरांनीं. पाटे उंच करावयाचे ते त्या टायरांस जागा मिळावी एवढ्याचसाठीं.

शिवाय जुने पाटे वर्षानुवर्षांच्या भारानें बसलेले असतात. मूळ मापाचे नवे पाटे व बुश घातले कीं गेलेली उंची पुष्कळदां परत येते. मग अधिकाची गरजच उरत नाहीं.

उंचीचें मोलही द्यावें लागतें. मूळ जीपच्या दोन आंसांतील अंतर अवघें ८० इंच. त्यामुळें मागील प्रोपेलर शाफ्ट आंखूड. गाडी चार इंच उचलली तर त्याचा कोन वाढून सांधे लवकर झिजतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, आणि गुरुत्वमध्य वर गेल्यानें वळणावर कलंडण्याचें भय वाढतें.

नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निषिद्ध आहे. सबब कारागिराकडे जाण्यापूर्वीं आरटीओ कचेरींत चौकशी करावी.

तात्पर्य, दोन इंचांत भागत असेल तर चारांचा मोह धरूं नये. आडवाट क्वचित् लागते. घाटांतील वळण नित्याचें, आणि गाडींत घरचींच मुलें बसलेलीं असतात.