सीरियल फ्लॅश कंट्रोलरच्या ड्रायव्हरचे परीक्षण : लेनोव्हो लॅपटॉपच्या प्रसंगाच्या संदर्भात

संगणक सुरू होताच सर्वप्रथम चालणारा प्रोग्राम म्हणजे बायोस. तो मदरबोर्डवरील लहानशा सीरियल फ्लॅश मेमरीत साठवलेला असतो. वीज गेली तरी या मेमरीतील मजकूर टिकतो आणि नेमका हाच गुण तिच्या ड्रायव्हरच्या बाबतीत धोक्याचा ठरतो. इतर ड्रायव्हरमधील चूक बहुधा संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीशी होते. फ्लॅशच्या ड्रायव्हरची चूक मात्र चिपमध्येच लिहिली जाऊ शकते.

१९ ऑक्टोबर २०१७ रोजी उबुंटूची १७.१० ही आवृत्ती प्रसृत झाली. तिच्या लिनक्स कर्नलमध्ये इंटेलच्या सीरियल फ्लॅश कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरू ठेवलेला होता. वास्तविक या ड्रायव्हरच्या पर्यायापुढे तो धोकादायक असल्याचा इशारा कर्नलमध्येच दिलेला होता. पुढे लेनोव्होच्या काही लॅपटॉपधारकांच्या तक्रारी आल्या. बायोसमधील बदल जतन होईनात, यूएसबीवरून संगणक सुरू होईना. अखेर डिसेंबरमध्ये ही आवृत्ती डाउनलोडमधून काढून घेण्यात आली व १२ जानेवारी २०१८ रोजी सुधारित स्वरूपात पुन्हा देण्यात आली.

फ्लॅश चिपच्या स्टेटस रजिस्टरमधील काही बिट मेमरीचा कोणता भाग लिहिण्यास बंद आहे हे ठरवतात. चिप ओळखल्यावर कर्नलचा सामाईक भाग काही चिपांच्या बाबतीत या रजिस्टरमध्ये शून्य लिहून ते संरक्षण काढतो. म्हणजे वापरकर्त्याने काहीही न मागता, केवळ ड्रायव्हर लोड झाल्याने, चिपवर लेखन घडते. परीक्षकाने प्रथम थांबावे ते येथेच.

इंटेलचा कंट्रोलर दोन पद्धतींनी चालतो. एकीत आज्ञांचा क्रम तो स्वतः ठरवतो, दुसरीत आज्ञा ड्रायव्हर देतो. दोष दुसऱ्या पद्धतीच्या फंक्शनमध्ये होते. बाइटसंख्येच्या जागी कंट्रोलरला प्रत्यक्ष संख्येहून एक कमी असा आकडा हवा असतो. एक बाइट पाठवायची तर तेथे ० लिहावयाचे. ड्रायव्हर पूर्ण संख्याच लिहीत होता. शिवाय नियंत्रण रजिस्टरचा पत्ता चुकीच्या आधारस्थानापासून मोजला जात होता. परिणामी, कुलूप काढण्यासाठी दिलेली आज्ञाच कुलूप लावून गेली.

असा दोष नुसता कोड वाचून सापडणे कठीण असते. पाच बाइटसाठी पाच लिहिणारी ओळ कोणालाही बरोबरच वाटेल. त्यामुळे कंट्रोलरची तांत्रिक पुस्तिका शेजारी उघडी ठेवून प्रत्येक फील्ड पडताळणे आणि दोन्ही पद्धतींची स्वतंत्र चाचणी मागणे, हे परीक्षणातील कंटाळवाणे परंतु अटळ काम होय. लेखन, विशेषतः स्टेटस रजिस्टरवरील लेखन, तपासल्याशिवाय चाचणी पूर्ण मानता येत नाही. २०१८ मध्ये कर्नलच्या ४.१८ आवृत्तीत आज्ञा, पत्ता व डेटा यांचे एकत्रित वर्णन करणारी सामाईक रचना आली. तिच्यात एखादी क्रिया कंट्रोलरला जमत नसल्यास ड्रायव्हर तसे आधीच सांगू शकतो. तरीही रजिस्टरमध्ये आकडा कसा भरावा, हे अद्याप ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्याच हाती आहे.

बंद झालेली चिप बाहेरून दुरुस्त करावयाची तर प्रोग्रामर यंत्र लागते, प्रसंगी चिप काढून पुन्हा जोडावी लागते. गोंदिया जिल्ह्यातील देवरी किंवा सालेकसा येथील विद्यार्थ्याकडे एकच लॅपटॉप असेल, तर ही सोय जवळ मिळणे अवघडच. लेनोव्होच्या प्रसंगात मात्र वेगळा मार्ग सापडला. दोष दूर केलेला ड्रायव्हर असलेले कर्नल एकदा चालवले की त्याच शून्य-लेखनाने अनेक लॅपटॉपमधील चिपचे कुलूप उघडले.