कमी खर्चातील रिमोट गाड्यांची शर्यत
रेडिओलहरींवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत महाग होते ती मुख्यतः मोटर व बॅटरीच्या चढाओढीमुळे. म्हणून अनेक स्पर्धांत 'स्टॉक' गट असतो, ज्यात सर्वांच्या मोटरींवर सारखीच मर्यादा असते आणि पैशापेक्षा हातोटी वरचढ ठरते. जपानच्या तामिया कंपनीने १९८४ मध्ये आणलेली, सुटे भाग जोडून उभी करायची 'ग्रासहॉपर' बग्गी नवशिक्यांसाठीच होती; तिची साधी मोटर ब्रशची, म्हणजे कार्बनच्या तुकड्यांतून फिरत्या भागाला वीज देणारी होती. शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, शौक असलेल्या विदर्भात, नेरसारख्या गावी मोकळे वावरही धावपट्टी होऊ शकते; मात्र काळ्या मातीची बारीक धूळ बेअरिंगमध्ये शिरते, तेव्हा प्रत्येक फेरीनंतर जुन्या टूथब्रशने केलेली सफाई हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.