डिकीचं लॉक बदलण्याआधी (या भागाचं शब्दांकन)

आजचा विषय छोटा आहे: गाडीची मागची डिकी नीट लागत नाही, तेव्हा काय करायचं.

आमचं तोंडवली म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. खारा वारा आणि वाळू गाडीला कायमचीच. मागच्या महिन्यात मालवणला जाताना माझी डिकी चालत्या गाडीत उघडली आणि माशांचा टप रस्त्यावर पडला. मागून येणारा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. चूक माझीच. निघताना 'खट' असा एकच आवाज आला होता, आणि मी म्हटलं, लागली!

आता ऐका. डिकीच्या लॉकमध्ये एक आकडा असतो. तो गाडीच्या बॉडीवरच्या कडीला पकडतो आणि आतला खटका त्याला अडवून धरतो. हे दोन टप्प्यांत होतं, म्हणून आवाज दोन यायला हवेत. एकच आला तर डिकी अर्धीच लागलेली असते.

मी नवीन लॉक आणायला निघालो होतो. आमचे मेस्त्री म्हणाले, "बदलूक नको, आधी तेका साफ कर."

आधी तपासणी. डिकी उघडी ठेवून स्क्रू ड्रायव्हरने आकडा बंद करा. दोन वेळा 'खट' व्हायला हवं. मग हँडल ओढा. आकडा झटकन सुटला पाहिजे. हँडल ओढूनही लॉकमधला खटका हललाच नाही, तर केबल किंवा स्विच बघा. खटका हलतो पण आकडा अडकतो, किंवा दुसरा 'खट' होतच नाही, तर आत घाण आहे. आणि हो, आकडा उघडल्याशिवाय डिकी आपटू नका, लॉक मोडेल.

माझ्या लॉकमध्ये जुनं ग्रीस, मीठ आणि वाळू यांचा लगदा झाला होता. गंज सोडवणारा स्प्रे मारला, जुन्या ब्रशने घासलं, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली. शेवटी थोडंसं पांढरं ग्रीस. नुसत्या स्प्रेवर थांबू नका, तो लवकर सुकतो.

साफ करूनही डिकी लागत नसेल, तर कडी सरकलेली असू शकते. तिच्याभोवती पेन्सिलने खूण करा, बोल्ट सैल करा, एखादा मिलिमीटर सरकवून पुन्हा घट्ट करा.

हे सगळं तासाभराचं काम. आता मी दर पावसाळ्यानंतर करतो, आणि निघताना दोन 'खट' मोजतो. तुम्हीही मोजा. भेटू पुढच्या भागात!