चाळीस जणांचा श्वास

मुलांनो, पावसाळ्यात मधल्या सुट्टीनंतरचा तास कसा जातो, आठवून पाहा बरं! झड आत येते म्हणून खिडक्या बंद. डबे खाऊन झालेले. फळ्यावर गणित, आणि मागच्या बाकावर पेंगणं सुरू. बाई ओरडतात, "आळशी कुठला!" जेवणानं सुस्ती येते हे खरंच; पण थोडा दोष हवेचाही असतो. हिशेबच करू या.

शांत बसलेलं तुमच्या वयाचं मूल मिनिटाला साधारण ५ लिटर हवा आत घेतं नि बाहेर सोडतं. सोडलेल्या हवेत शंभरात जवळजवळ ४ भाग कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ४० मुलांचा मिनिटाला ८ लिटर! वर्ग २० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच धरा. त्यात सुमारे १,१३,००० लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत हा वायू आज दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास आहे. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील, तर वर्गात तो दहा मिनिटांच्या आत हजारावर जातो.

हजारच का? म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर या शास्त्रज्ञानं १८५८ साली हीच मर्यादा सुचवली होती. तेवढ्यानं कुणी गुदमरत नाही हं! ती नुसती खूण. हा वायू साचला, की समजायचं, आपण एकमेकांनी सोडलेलीच हवा पुन्हा ओढतोय. सर्दी-खोकल्याचे जंतूही त्यातच. २०२० साली कोरोना आला, तेव्हा खिडक्या उघडा असं सांगत होते, ते म्हणूनच.

शार्लोटेनबुर्ग हे त्या काळी बर्लिनजवळचं शहर होतं. तिथे १९०४ साली अशक्त मुलांसाठी चक्क रानात शाळा भरवली होती. आपल्याला रान कुठलं? समोरासमोरच्या दोन खिडक्या पुरेत. एकच उघडली, तर आलेल्या हवेला जायला वाट नसते. झड येते ती बाजू बंद ठेवा, दुसरी बाजू नि दार उघडं ठेवा. गरम हवा वर चढते, तिच्यासाठी वर झरोके असतात. पण कित्येक वर्गांत त्यांवर तक्ते चिकटवलेले, नाहीतर पुढे कपाट! तक्त्यांना दुसरी भिंत मिळत नाही का?

बाईंना सांगून एक गंमत करा. बाईंनी उदबत्ती पेटवून खिडकीजवळ धरायची. आधी एकच खिडकी उघडा, धूर पाहा. मग समोरचीही उघडा. धूर कोणत्या खिडकीतून बाहेर निघाला, ते वहीत लिहा आणि उदबत्ती लगेच विझवा.